कार्पेट क्लीनिंग मशीन ओढत नाही, फवारा येत नाही? मेकॅनिकला फोन करण्याआधी हे तपासा

मोबाईल, लॅपटॉप, राउटर यांच्या दुरुस्तीबद्दल आपण नेहमी बोलतो. आज जरा वेगळं मशीन घेऊया. सोफा आणि कार्पेट धुणारं मशीन. आपल्यापैकी बरेच जण कॉलेज करता करता किंवा नोकरी सांभाळून सोफा-कार्पेट क्लीनिंगचं काम करतात. कोणी नवीन मशीन घेतं, कोणी सेकंड हँड. आणि मग ऐन दिवाळीच्या तोंडावर, कस्टमरच्या हॉलमध्ये, ते मशीन दगा देतं.

माझ्या मावसभावाचं अगदी हेच झालं. तीन सीटचा सोफा भिजवून झाला होता, खालचं कार्पेट अर्धं ओलं होतं आणि मशीनने पाणी ओढणं बंद केलं. त्याने घाबरून फोन केला, "दादा, मोटर गेली वाटतं. एका मेकॅनिकला विचारलं तर तो न बघताच म्हणाला, नवीन मोटर टाकावी लागेल."

मी म्हटलं, "थांब. मशीन चालू करून दहा सेकंद आवाज रेकॉर्ड कर आणि पाठव. व्हिडिओ कॉल नको, कॉलवर फोन मागचा आवाज दाबून टाकतो."

त्या दहा सेकंदांत कळलं की मोटर ठणठणीत आहे. कसं कळलं ते पुढे सांगतो. आधी हे मशीन काम कसं करतं ते समजून घेऊया, कारण ते समजलं की निम्मा बिघाड आपोआप सापडतो.

मशीनच्या पोटात नक्की काय असतं?

याला बरेच लोक 'स्टीम क्लीनिंग' म्हणतात, पण बहुतेक मशीनमध्ये वाफ नसतेच. कोमट किंवा गरम पाण्यात थोडं केमिकल मिसळून ते दाबाने कार्पेटमध्ये मारायचं आणि लगेच मळासकट ओढून घ्यायचं, एवढंच काम. म्हणून मशीनमध्ये दोन वेगळे रस्ते असतात.

पहिला रस्ता स्वच्छ पाण्याचा: स्वच्छ पाण्याची टाकी, तिच्या तळाशी जाळीचा फिल्टर, पंप, बारीक पाइप, दांडीवरचा ट्रिगर आणि शेवटी नोझल. साध्या कमर्शियल मशीनमध्ये पंपाचा दाब साधारण १०० पीएसआय, म्हणजे जवळपास ७ बार असतो. मोठ्या मशीनमध्ये तो याच्या कितीतरी पट असू शकतो.

दुसरा रस्ता हवेचा आणि घाण पाण्याचा: दांडीचं तोंड, जाड होज पाइप, घाण पाण्याची टाकी, टाकीतला फ्लोट आणि शेवटी व्हॅक्यूम मोटर. टाकी भरली की फ्लोट वर येऊन हवेचा रस्ता बंद करतो, म्हणजे पाणी मोटरमध्ये शिरत नाही. आपल्या गच्चीवरच्या टाकीतल्या बॉल कॉकचाच हा भाऊ समजा.

हे दोन रस्ते एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. म्हणून पहिला प्रश्न हाच विचारायचा: फवारा येतोय पण ओढत नाही? की ओढतंय पण फवारा येत नाही? की दोन्ही बंद? दोन्ही एकदम बंद असेल तर आधी वीज तपासा. एकच बंद असेल तर दुसऱ्या रस्त्याकडे बघायचीही गरज नाही.

सगळ्यात आधी: प्लग काढा

पाणी आणि २३० व्होल्ट एकाच डब्यात आहेत हे कधी विसरू नका. झाकण उघडायचं, फिल्टर काढायचा, मोटरला हात लावायचा, तर आधी प्लग बाहेर. फक्त स्विच बंद करून चालत नाही. आपल्याकडे कितीतरी बोर्डांवर फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले असतात. अशा वेळी स्विच बंद असला तरी मशीनमध्ये करंट असू शकतो. हात कोरडे, पायात रबरी चप्पल आणि उभं राहायची जागा कोरडी. एवढं असेल तरच पुढे जा.

बिघाड १: मशीन ओढत नाही

आता त्या दहा सेकंदांच्या आवाजाची गोष्ट. व्हॅक्यूम मोटरचा पंखा मिनिटाला २० हजारांच्या आसपास फेरे मारतो. त्याच्यापुढे हवा असेल तेव्हा त्याला काम करावं लागतं. हवेचा रस्ता बंद झाला की पंख्यावरचा भार कमी होतो, वेग वाढतो आणि आवाज बारीक, चढा होतो. घरातल्या व्हॅक्यूम क्लीनरच्या पाइपवर हात ठेवून बघा, लगेच कळेल.

म्हणजे आवाजावरून असं ओळखायचं:

- आवाज चढा, बारीक आणि सक्शन नाही: कुठेतरी चोक आहे. पाइप तुंबला, फिल्टर भरला किंवा फ्लोट वर अडकला.
- आवाज नेहमीसारखा आणि सक्शन नाही: हवा भलतीकडून आत येतेय. झाकण, गॅस्केट, ड्रेन पाइप किंवा पाइपला चीर.
- खरखर किंवा किंचाळल्यासारखा आवाज: बेअरिंग जायला लागलंय.
- आवाज मंद, ठिणग्या आणि जळका वास: कार्बन ब्रश संपलेत किंवा मोटरची वाइंडिंग जळतेय. लगेच बंद करा.
- आवाजच नाही: वीज, स्विच, फ्यूज किंवा मोटर.

भावाच्या रेकॉर्डिंगमध्ये आवाज एकदम नेहमीसारखा होता. म्हणजे मोटर फिरतेय, हवाही ओढतेय, पण दांडीतून नाही.

मग तळहाताची टेस्ट करायची. ही तीन पायऱ्यांत होते:

१. जाड होज पाइप मशीनच्या तोंडापासून काढा. मशीन चालू करून त्या तोंडावर तळहात घट्ट ठेवा. हात जोरात ओढला गेला आणि आवाज चढला, तर मशीन चांगलं आहे. दोष पाइपमध्ये किंवा दांडीत आहे.

२. आता पाइप जोडा आणि पाइपच्या दुसऱ्या टोकावर हात ठेवा. इथे सक्शन कमी झालं तर पाइप तुंबलाय किंवा फाटलाय. पाइपच्या टोकाला जो रबरी कॉलर असतो, त्याच्या लगेच आत केस, धागे आणि मळ यांचा बोळा बसतो. चीर शोधायची असेल तर पाइपवरून हळूहळू हात फिरवा, सूं सूं आवाज येतो तिथे चीर.

३. शेवटी दांडी जोडा. इथे कमी झालं तर दांडीच्या तोंडात कचरा आहे.

पहिल्याच पायरीला हात ओढला गेला नाही, तर दोष मशीनमध्येच आहे. आता या क्रमाने बघा:

- ड्रेन पाइपचं टोपण किंवा व्हॉल्व्ह पूर्ण बंद आहे का? सगळ्यात जास्त वेळा हेच निघतं.
- झाकण नीट बसलंय का? झाकणाखालच्या रबरी गॅस्केटवर रेती, केस, वाळलेलं केमिकल आहे का? ओल्या कापडाने पुसून पुन्हा बसवा. गॅस्केट कडक झालं असेल किंवा तडकलं असेल तर बदला.
- झाकणाला केसाएवढी चीर आहे का? मोबाईलचा टॉर्च आतून मारा आणि बाहेरून बघा.
- फ्लोट मोकळा खालीवर होतोय का? त्याच्या जाळीत फेस किंवा केस अडकलेत का?
- मोटरच्या आधीचा फिल्टर भरलाय का?

भावाने घाण पाण्याची टाकी रिकामी केली होती आणि ड्रेन पाइपचं टोपण घाईत वाकडं बसवलं होतं. त्यात बारीक खडा अडकला होता. खडा काढला, टोपण दाबलं, सक्शन परत. नवीन मोटरचा सगळा खर्च वाचला. कस्टमरचं कार्पेटही वाचलं. कार्पेट २४ ते ४८ तासांपेक्षा जास्त ओलं राहिलं तर त्यात बुरशी धरायला लागते, आणि मग तो कुबट वास सहजासहजी जात नाही.

फेस हा मोटरचा खरा शत्रू

फ्लोट पाण्यावर तरंगतो, फेसावर नाही. फेस इतका हलका असतो की तो फ्लोटला उचलतच नाही, सरळ बाजूने मोटरमध्ये जातो. तिथे तो आधी बेअरिंगला लागतो, ग्रीस धुऊन काढतो आणि काही दिवसांनी मोटर किंचाळायला लागते. आपण म्हणतो मोटर खराब निघाली. खरं तर तिला आपणच साबण पाजलेला असतो.

म्हणून कपडे धुण्याची पावडर किंवा भांड्यांचं लिक्विड या मशीनमध्ये कधीच टाकू नका. कमी फेसाचं, याच कामासाठी बनवलेलं केमिकल वापरा आणि तेही लेबलवर दिलेल्या मापातच. कस्टमरने आधीच कार्पेटला घरगुती शॅम्पू चोळून ठेवला असेल, तर घाण पाण्याच्या टाकीत डिफोमर टाका. तो स्वच्छ पाण्याच्या टाकीत नाही, घाण पाण्याच्या टाकीत टाकायचा.

मशीनच्या एक्झॉस्टमधून, म्हणजे हवा बाहेर पडते तिथून पाण्याचे थेंब किंवा फेस येताना दिसला तर तिथेच थांबा. टाकी रिकामी करा, फ्लोट साफ करा.

बिघाड २: फवारा येत नाही किंवा एकाच बाजूला येतो

इथेही आधी कान द्या. ट्रिगर दाबल्यावर पंपाचा आवाज येतो का?

पंप चालतोय, पण पाणी नाही:

- टाकीत पाणी आहे ना? हसू नका, आधी बघा.
- टाकीच्या तळाची जाळी साफ आहे का?
- बारीक पाइपचं क्विक कपलर 'टक' असा आवाज होईपर्यंत बसलंय का? अर्धवट बसलं तर आतला व्हॉल्व्ह उघडतच नाही. बाहेरून मात्र सगळं जोडलेलं दिसतं.
- पंपात हवा अडकली आहे का? टाकी पूर्ण कोरडी होईपर्यंत चालवली की असं होतं. उपाय सोपा आहे. मशीनच्याच जाड होज पाइपचं तोंड नोझलवर धरा, व्हॅक्यूम चालू करा आणि ट्रिगर दाबून ठेवा. सक्शन हवा ओढून घेतं आणि मागोमाग पाणी येतं.
- पंप फक्त गुणगुणतोय? मग आतला व्हॉल्व्ह चिकटलाय किंवा डायफ्रॅम फाटलाय. बऱ्याच पंपांना डायफ्रॅम आणि व्हॉल्व्हचं किट वेगळं मिळतं, अख्खा पंप बदलायची गरज नसते.

फवारा येतोय, पण वाकडा किंवा बारीक: हे ९ पैकी ९ वेळा नाही, पण बहुतेक वेळा क्षारांचं काम असतं. बोअरचं किंवा टँकरचं पाणी वापरत असाल तर पांढरा थर नोझलच्या भोकात जमतोच. नोझल काढा आणि रात्रभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. सकाळी जुन्या टूथब्रशने घासा आणि उलट्या बाजूने पाणी मारा. पिन किंवा तार घालायचा मोह आवरा. ते भोक ठरावीक आकाराचं असतं, म्हणूनच पाणी पंख्यासारखं पसरतं. पिन घातली की आकार बिघडतो आणि मग कार्पेटवर ओल्या-कोरड्या पट्ट्या उमटतात.

फवारा बरोबर आहे का हे बघायला मोबाईलचा स्लो मोशन व्हिडिओ वापरा. काळं कापड मागे धरा आणि शूट करा. डोळ्यांना जे दिसत नाही ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं.

ट्रिगर सोडला तरी पंप थोड्या थोड्या वेळाने आपोआप 'टुर्र' करतोय? ज्या पंपाला प्रेशर स्विच असतो, तो दाब पूर्ण झाला की थांबतो. पुन्हा सुरू होतोय म्हणजे कुठेतरी गळतंय. कपलरचं रबर किंवा ट्रिगरचा व्हॉल्व्ह तपासा. काही मशीनमध्ये मात्र पंप सतत चालण्यासाठीच बनवलेला असतो, तिथे हा दोष नाही.

बिघाड ३: मशीन चालूच होत नाही किंवा सारखं ट्रिप होतं

आधी गणित करूया. वॅट भागिले व्होल्ट म्हणजे अँपिअर. १२०० वॅटची व्हॅक्यूम मोटर साधारण ५ अँपिअर घेते. त्यात १८०० वॅटचा हीटर असेल तर एकूण ३००० वॅट, म्हणजे १३ अँपिअर. हॉलमधल्या टीव्हीमागचं सॉकेट ६ अँपिअरचं असतं. तिथे कन्व्हर्टर लावून हे मशीन चालवलं तर सॉकेट वितळणार, नाहीतर ब्रेकर पडणार. हीटरवालं मशीन गीझर किंवा एसीच्या १६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावा.

एक्स्टेंशन वायरही तशीच हवी. १६ अँपिअरसाठी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, तीन कोअरची वायर घ्या आणि वापरताना गुंडाळी पूर्ण सोडा. गुंडाळलेल्या वायरची उष्णता बाहेर पडत नाही. पातळ आणि लांब वायरमध्ये व्होल्टेज पडतं, मोटर दमते आणि तुम्हाला वाटतं मोटर म्हातारी झाली.

कोणता ब्रेकर पडला तेही बघा. साधा एमसीबी पडला तर लोड जास्त आहे किंवा शॉर्ट आहे. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी पडला तर करंट गळतोय, म्हणजे बहुधा मोटर, पंप किंवा हीटरमध्ये पाणी गेलंय. असं मशीन 'दुसऱ्या पॉइंटवर चालवून बघू' असं म्हणून चालवायचं नाही. त्या दुसऱ्या पॉइंटला आरसीसीबी नसेल तर तो गळणारा करंट तुमच्या अंगातून जाईल.

मशीन एकदम शांत असेल तर प्लग काढून मल्टीमीटर घ्या आणि कंटिन्युइटीवर ठेवा. आधी फ्यूज, मग कॉर्डच्या दोन्ही वायरी, मग स्विच. कॉर्ड बहुतेक वेळा मशीनमध्ये शिरते तिथेच आतून तुटते, कारण तिथेच ती रोज वाकते.

कार्बन ब्रश स्वतः बदलता येतात का?

मोटर बाहेर काढून स्क्रू ड्रायव्हर चालवायची सवय असेल तर येतात. ब्रश साधारण १ सेंटिमीटर उरला की बदलायचा, तोही जोडीने, एक नाही. उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. कोणती वायर कुठे, ब्रश कोणत्या दिशेला वाकलेला, सगळं. मोटरवरच्या नेमप्लेटचा फोटो काढून दुकानदाराला पाठवा, म्हणजे चुकीचा पार्ट येणार नाही. ज्या तांब्याच्या गोल भागावर ब्रश घासतात, तो काळा जळालेला किंवा खड्डे पडलेला दिसला, तर नवीन ब्रश टाकून उपयोग नाही. मग मोटर मेकॅनिककडेच न्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट

त्या दिवशी काम संपवून भाऊ माझ्याकडे आला. मशीन बघताना सहज विचारलं, "दांडीला हात लावल्यावर कधी झिणझिण्या येतात का रे?"

"येतात कधीकधी. ओल्या फरशीवर उभा असलो की. मला वाटलं एवढं होतंच."

मी प्लग बघितला. वरची जाड पिन नव्हतीच. आधीच्या मालकाने ती कापून टाकली होती, कुठल्याही जुन्या सॉकेटमध्ये बसावा म्हणून.

मित्रांनो, ती जाड पिन म्हणजे अर्थिंग. ती मुद्दाम लांब असते, म्हणजे प्लग लावताना सगळ्यात आधी जोडली जाते आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटते. मशीनमध्ये करंट गळला तर तो त्या वाटेने जमिनीत जातो. वाट कापली तर उरलेली वाट म्हणजे तुम्ही, अनवाणी, ओल्या कार्पेटवर.

सेकंड हँड मशीन घेतलंत तर पहिल्याच दिवशी ही टेस्ट करा. प्लग सॉकेटबाहेर ठेवा. मल्टीमीटरची एक पिन प्लगच्या जाड पिनेला आणि दुसरी मशीनच्या उघड्या धातूच्या भागाला लावा. रंग नसलेला स्क्रू चालेल. रीडिंग शून्याच्या जवळ यायला हवं. आलं नाही तर अर्थ वायर तुटलेली आहे, ती जोडेपर्यंत मशीन वापरू नका. झिणझिण्या आल्या तर 'चालतंय' म्हणू नका, त्याच क्षणी बोर्डावरून बंद करा. सक्शन गेलं तर एक काम जातं. अर्थिंग गेलं तर काय जाईल ते सांगायला नको.

भावाने दुसऱ्या दिवशी नवीन प्लग, नवीन तीन कोअरची कॉर्ड बसवून घेतली आणि एक पोर्टेबल आरसीसीबीही घेतला. आता तो प्रत्येक घरी आधी तो लावतो आणि मगच मशीन.

रोजच्या ५ सवयी, ज्या दुरुस्ती टाळतात

१. काम संपल्यावर दोन्ही टाक्या रिकाम्या करा आणि झाकण उघडं ठेवून वाळू द्या.
२. पंपातून साधं पाणी फिरवा, म्हणजे केमिकल आत वाळणार नाही.
३. टाकी रिकामी झाल्यावर फक्त व्हॅक्यूम ५ मिनिटं चालवा. आतली ओल सुकते.
४. पाणी ओतण्याआधी कार्पेट कोरड्या व्हॅक्यूमने साफ करा. केस आणि धागे पाइपपर्यंत पोचणारच नाहीत.
५. बोअरचं पाणी वापरत असाल तर महिन्यातून एकदा व्हिनेगर मिसळलेलं पाणी पंपातून फिरवा आणि नंतर भरपूर साध्या पाण्याने धुवा.

आणि एक सवय मोबाईलची: मशीन चांगलं चालू असताना त्याचा १० सेकंदांचा आवाज आणि फवाऱ्याचा एक व्हिडिओ आजच रेकॉर्ड करून ठेवा. उद्या काही बिघडलं तर तुलना करायला तोच कामी येईल.

मेकॅनिककडे कधी जायचं?

जळका वास येत असेल, आरसीसीबी सारखा पडत असेल, बेअरिंग किंचाळत असेल किंवा हीटरचा प्रॉब्लेम असेल, तर स्वतः प्रयोग नको. वॉरंटी चालू असेल तर आधी सर्व्हिस सेंटर, नंतर स्क्रू ड्रायव्हर. पण जाताना 'मशीन चालत नाही' एवढंच सांगू नका. 'मशीनच्या तोंडाशी सक्शन आहे, पाइपच्या टोकाला नाही' असं सांगा. समोरच्याला कळतं की याला माहीत आहे, आणि न बघता 'मोटर गेली' म्हणायची हिंमत तो करत नाही.

तुमच्या ओळखीत कोणी सोफा-कार्पेट क्लीनिंगचं काम करत असेल तर त्याला हा लेख नक्की पाठवा. आणि त्याला आधी एवढंच विचारा: प्लगला तिसरी पिन आहे ना?